गार झाल्यावरही पातळ

त्या वर्षीही मी सहावीला पदार्थाच्या अवस्था शिकवत होते. स्थायू, द्रव, वायू. टेबलावर एक खडू, पेलाभर पाणी आणि एक फुगा ठेवला की हा धडा निम्मा तिथेच आटोपतो. स्थायूला स्वतःचा आकार असतो. द्रवाला तो नसतो, ज्या भांड्यात ओताल त्या भांड्याचा आकार तो घेतो. मुलं हे घोकतात आणि पेपरात जसंच्या तसं उतरवतात. मीही इतकी वर्षं ते तसंच खरं मानून चालले होते. त्याच वर्षी माझ्या सासऱ्यांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली.

गाठ कळायच्या आधी काही महिने आमच्या घरातलं वरण पातळ होत चाललं होतं. मी शाळेतून भुकेली यायची आणि ताटात ते पाणी बघून चिडायची. डाळ काय आता रेशनवर आणायची वेळ आली आहे का, असंही एकदा बोलून गेले. सासूबाईंनी माझ्या वाटीत तळाची डाळ घातली. पुढे कळलं, की बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, भात उतरत नव्हता. प्रत्येक घासामागे ते पाण्याचा घोट घ्यायचे आणि छातीवर मूठ ठेवून थांबायचे. हे फक्त सासूबाईंनी पाहिलं होतं, कारण वाढायला त्याच बसायच्या. बाबांनी स्वतःहून कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंनीही विचारलं नाही, फक्त वरणात पाणी वाढवत गेल्या.

आम्ही तेव्हा नवीन पनवेलला राहत होतो. माझा नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीने जायचा, त्यामुळे घरात बहुतेक वेळ मी, बाबा आणि सासूबाई. बाबांची सगळी नोकरी गावातल्या भातगिरणीत गेली होती. भाताची गाडी आली की ते मुठीत दाणे घेऊन तोंडात टाकायचे, दाताखाली कडकन मोडायचे, आणि मग गाडी आत घ्यायची की परत उन्हात टाकायची ते सांगायचे. निवृत्त झाल्यावरही ही सवय गेली नव्हती. वाण्याकडून तांदूळ आणले की पहिले दोन दाणे त्यांच्या दाताखाली जायचे. जेवणाबद्दल ते फार बोलायचे नाहीत, पण भात मऊ झाला तर तक्रार न करता ताक मागून घ्यायचे, आणि सासूबाईंचा चेहरा पडायचा.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि आमच्याकडे न बघता सांगितलं, की कापण्यासारखं हे राहिलेलं नाही. किरणांचा शेक देऊ, थोडं मोकळं होईल, तोवर घट्ट काही देऊ नका, पातळ द्या. सासूबाईंनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी पेज केली, चांगली शितं असलेली, मीठ घालून, वर मेतकूट. त्यांच्या हिशेबी ती पातळच होती. तापात, बाळंतपणात, पोट बिघडल्यावर हीच पेज त्यांनी सगळ्यांना दिली होती. दुसऱ्या घोटालाच एक शीत अडकलं. बाबा खोकत खोकत निळे पडले, आणि मी त्यांच्या पाठीत बुक्क्या घालत होते. त्यानंतर पेज गाळून द्यायची ठरलं.

गाळलेल्या पेजेचा पेला हातात दिला त्या दिवशीची एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. बाबा जेवायला बसले, की ताटाभोवती पाणी फिरवायचे आणि भाताची चार शितं उजव्या बाजूला ठेवायचे. रोज, न चुकता, बोलणं मध्येच थांबवून. त्या दिवशी त्यांनी सवयीने ओंजळीत पाणी घेतलं आणि हात तसाच राहिला. समोर ताट नव्हतं, शितं नव्हती. पेल्याभोवती पाणी कसं फिरवणार? त्यांनी ते पाणी तुळशीच्या कुंडीत टाकलं आणि पेज प्यायली. सासूबाई भिंतीला टेकून बघत होत्या. मला म्हणाल्या, "आजपासून यांचा उपासच सुरू झाला गं."

मला तेव्हा या बोलण्याचा रागच आला. म्हटलं, "आई, असं काय बोलता? पोटात जातंय ना?"

"चहा, दूध उपासाला चालतंच की," त्या म्हणाल्या. "पोटात गेलं म्हणजे का जेवण झालं?"

त्यांचं सगळं गणित इथेच होतं. पातळ ते प्यायचं, घट्ट ते जेवायचं. प्यायल्याने तहान भागते, फार तर धीर येतो. जेवण म्हणजे ताट, ताटात भात, आणि तो दातांनी चावून गिळणारा माणूस. एवढ्यावरच त्या थांबल्या असत्या तर गोष्ट निराळी. पण त्यांना एकच भीती बसली होती, आणि ती त्या रोज कुठल्या ना कुठल्या शब्दांत बोलून दाखवायच्या: हा माणूस उपाशीपोटी जाऊ नये. बाबा वाचणार नाहीत, हे त्यांनी माझ्याआधी मान्य केलं होतं. त्यावर त्यांनी देवाला काही विचारलंसुद्धा नाही. पण जाताना जेवलेले असावेत, एवढं त्यांना हवं होतं.

शेक दिल्यावर थोडे दिवस बरं वाटलं, मग पाणीसुद्धा उतरेना. तेव्हा पोटाला भोक पाडून नळी घातली. रबराची, बोटाएवढी जाड, पोटातून बाहेर आलेली, टोकाला चिमटा. चिमटा काढायचा, पिचकारीने अन्न आत सोडायचं, मागून पाणी घालून नळी धुवायची आणि चिमटा लावायचा. हे काम माझ्याकडे आलं. शिक्षिका म्हणजे हात थरथरत नसणार, असा सगळ्यांचा समज. माझा हात पहिल्या दिवशी इतका थरथरला, की अर्धं दूध बाबांच्या बनियनवर गेलं. बाबा म्हणाले, "असू दे. बाळाला पाजताना सांडतंच."

नळी आली आणि सासूबाईंना एकदम हुरूप आला. त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं: वाटून, गाळून काहीही चालेल? डॉक्टर घाईत होते, चालेल म्हणाले. झालं. दुसऱ्या दिवशी बाबांसमोर पाट मांडला गेला. ताटात वरणभात, वर तूप, लिंबाची फोड, दुधीची भाजी, काकडीची कोशिंबीर, लोणच्याचा खार. बाबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, शितं ठेवली. मग ते ताट उचलून सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि एकेक पदार्थ मिक्सरमध्ये वाटून, ताकाने सैल करून, जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळून वेगवेगळ्या वाट्यांत आणला. लाइट गेलेली असेल तेव्हा पाट्यावर वाटायच्या. आधी वरणभात, मग भाजी, मध्ये चमचाभर कोशिंबीर, पुन्हा भात, शेवटी ताक. जेवणाचा क्रम मोडायचा नाही. मी पिचकारी धरून बसायची आणि त्या सांगायच्या, "आता भाजी." बाबांना त्या सांगायच्या, "आता भाजी येत्येय हं. दुधी आहे."

नवरा एकदा सुट्टीच्या दिवशी हे सगळं बघून म्हणाला, "आई, पोटाला काय कळतं दुधी का कोशिंबीर?"

"पोटाला नसेल कळत," त्या म्हणाल्या. "यांना कळतं."

बाबांना खरंच कळत होतं का, ते मला सांगता येणार नाही. ते डोळे मिटून पडून असायचे. पण मधूनच त्यांचा जबडा हलायचा, बारीकसा, आपण झोपेत काही खातो तसा. मी मान फिरवून घ्यायची. माझ्या डोळ्यांदेखत जे चाललं होतं ते शुद्ध वेडेपणाचं होतं, आणि त्यात माझे दोन्ही हात गुंतलेले होते. शाळेची वेळ व्हायची, पेपर तपासायचे राहायचे, आणि इथे लोणच्याचा खार गाळून घेणं चाललेलं. पण सासूबाई त्या दिवसांत जितक्या टवटवीत होत्या, तितक्या त्या आजारपणात पुन्हा कधी दिसल्या नाहीत. भाजी घेऊन दारावर येणारी उलव्याकडची एक बाई होती. तिने विचारलं, "बाबा काय खातात का नाय?" तर त्या ठसक्यात म्हणाल्या, "खातात तर. सगळं जेवतात."

थंडी पडली. आमच्याकडची थंडी ती काय, पण पहाटे खोबरेल बाटलीत गोठायचं एवढी होतीच. एका संध्याकाळी सासूबाईंनी मुगाची खिचडी केली. बाबांना खिचडीवर तुपाची धार लागायची, नुसता चमचाभर त्यांना कधी पुरला नाही. खिचडी वाटली, गाळली, आणि गाळून झाल्यावर त्यांनी वरून कढवलेलं तूप ओतलं. पातळ, सोनेरी, पाण्यासारखं वाहणारं. ते गाळायची गरजच नव्हती. मी पिचकारीत भरलं आणि आत सोडलं. मागून पाणी घातलं, पण गार.

सकाळी दूध आत जाईना. पिचकारीचा दट्ट्या दाबला तर दूध उलटं फिरून माझ्या हातावर आलं. नळी बोटांनी चाचपली तर मध्येच कडक लागली. काय झालं ते मला त्या क्षणी कळलं, आणि कळून उपयोग काही नव्हता. गरम पाण्याचं फडकं नळीला गुंडाळलं. बाहेरचं तूप विरघळलं, थोडं पुढेही सरकलं, पण कातडीजवळ खिचडीचा चोथा आणि तूप मिळून जे बसलं होतं ते हललं नाही. मी जोर लावला. बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांनी माझा हात धरण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. म्हणाले, "पोरी, थांब."

जीप करून मुंबईला नेलं. न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकून पडलो होतो, आणि सासूबाई मागे बसून बाबांच्या ओठांना ओला कापूस लावत होत्या. इस्पितळात जुनी नळी ओढून काढली आणि नवी घातली. बाबा ओरडले नाहीत, मी बाहेर ऐकत उभी होते. मग डॉक्टर आले आणि त्यांनी आम्हा दोघींना चांगलंच फैलावर घेतलं. "चालेल म्हणालो म्हणून काहीही घालाल का? यापुढे फक्त द्रव."

"तूप पातळच होतं हो," सासूबाई म्हणाल्या.

"गार झाल्यावर?" डॉक्टरांनी विचारलं. "जे गार झाल्यावरही पातळ राहतं, तेवढंच द्यायचं. बाकी काही नाही."

ही व्याख्या माझ्या पुस्तकात नव्हती. मला ती फार आवडली नाही, पण खोडूनही काढता आली नाही. त्या हिशेबाने आमच्या स्वयंपाकघरातलं काहीच पातळ उरत नव्हतं. वरण गार झालं की साय धरतं, खीर घट्ट होते, भाताची पेज थिजते, तूप तर तूपच. उरलं ते दुधाची पावडर, शहाळ्याचं पाणी, मोसंबीचा रस आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला एक डबा, ज्यातली भुकटी पाण्यात कालवली की व्हॅनिलाचा वास यायचा. पाट उचलून माळ्यावर गेला. सासूबाईंनी मिक्सर धुऊन, पुसून, प्लास्टिकची पिशवी घालून ठेवून दिला.

त्या डब्याने बाबांच्या अंगात थोडं बळ आलं, हे कबूल केलं पाहिजे. ते गॅलरीपर्यंत चालू लागले. डॉक्टर खूश. मीही खूश होते, कारण काम सोपं झालं होतं. पण सासूबाई आतून विझल्या. लग्न झाल्यापासून त्या बाबांचं जेवण झालं, की त्यांच्याच ताटात वाढून घ्यायच्या. नवी नवी सून असताना मला ते बघवायचं नाही. एकदा मी तसं बोललेही होते, तर म्हणाल्या, "तू तुझं ताट घे की. मी कुठे अडवते?" आता ते ताटच नव्हतं. ओट्याजवळ उभ्या राहून, एका वाटीत काहीतरी कालवून त्या खायच्या, आणि कुणी आलं तर वाटी मागे सारायच्या. विचारलं की म्हणायच्या, "ते उपाशी आणि मी मांडी घालून जेवू?"

पुढच्या तपासणीला मीच डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, काहीतरी सुचवा, घरात दोन माणसं उपाशी मरताहेत. ते जरा मऊ झाले. म्हणाले, चव हवी असेल तर तोंडात घेऊन चावू द्या, फक्त गिळायचं नाही, थुंकून टाकायचं. पुष्कळ पेशंट करतात, त्यात काही बिघडत नाही.

घरी येऊन मी वरणभात कालवला, जवळ स्टीलचं भांडं ठेवलं आणि बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी भाताकडे पाहिलं, मग भांड्याकडे पाहिलं. आवाज तोवर घोगरा झाला होता. "जन्मभर तांदळात काढला मी," ते म्हणाले. "गिरणीत खाली सांडलेला दाणा वेचायचो. आता अन्न थुंकू? तेही हिच्यासमोर?" आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. उगाच नको." भात मी जेवले. आजारपणात माणसाने एवढा अभिमान कशाला धरायचा, असं मला वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी शाळा लवकर सुटली. किल्ली माझ्याकडे होती, मी कडी न वाजवता आत आले. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. बाबा खुर्चीवर बसले होते आणि समोर स्टुलावर ताट होतं. वाफाळता भात, वरण, तूप, लिंबू. ते घास चावत होते. घाई नाही, डोळे मिटलेले, गालफडं आत गेलेली, आणि जबडा एका लयीत हलतोय. फार वेळ चावलं. मग ते पुढे झुकले. सासूबाईंनी त्यांच्या तोंडाखाली आपला तळहात धरला. बाबांनी घास त्या हातात टाकला, आणि सासूबाईंनी तो आपल्या तोंडात घालून गिळला. पदराने बाबांचे ओठ पुसले. म्हणाल्या, "लिंबू जास्त झालंय का?" बाबांनी मानेने नाही म्हटलं आणि पुढचा घास घेतला.

मला आधी किळस आली. खोटं कशाला सांगू. मग जंतू आठवले, डॉक्टर आठवले, आणि पुढे होऊन हे थांबवावं असंही वाटलं. पण माझे पाय मागे फिरले. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि मला रडू फुटलं. वरच्या मजल्यावरची कुणीतरी विचारून गेली, बाबा ठीक आहेत ना? म्हटलं, हो, जेवताहेत.

त्या दोघांनी वाट काढली होती. अन्न टाकलं जात नव्हतं, थुंकलं जात नव्हतं, ताट पुन्हा मांडलं जात होतं. मी शाळेत असताना हे रोज चालायचं. परतल्यावर मला धुऊन पालथं घातलेलं ते ताट दिसायचं. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. बाबा दिवसेंदिवस वाळत चालले होते, नळीतलं अंगी लागेनासं झालं होतं, आणि आशा ठेवावी असं कुठेच काही नव्हतं. तरी मला वाटायचं, निदान सासूबाईंचं समाधान झालं. एवढं तरी झालं.

फेब्रुवारीत एका दुपारी बाबा गेले. शेवटचा आठवडा त्यांना चावायलाही जमलं नव्हतं. शेजारच्यांनी रीतीप्रमाणे पिठलंभात आणून दिला. बायका भेटायला येऊन बसल्या आणि दर दुसरी तोच प्रश्न विचारायची, जो आपल्याकडे विचारतातच: शेवटी काही खाल्लं का हो त्यांनी? शेवटी मीच तडकून म्हणाले, सगळं व्यवस्थित पोटात जात होतं, शेवटच्या दिवसापर्यंत. बायका चपापून उठल्या.

त्या गेल्यावर मी ताट वाढून सासूबाईंपुढे ठेवलं. म्हटलं, "आई, दोन घास खा. ते उपाशी गेले नाहीत. मी माझ्या हाताने घालत होते."

"तू घालत होतीस," त्या म्हणाल्या. "जात होतं गं सगळं. जेवले कुठे?"

मला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. मी हळूच म्हटलं, "आई, मी पाहिलंय. दुपारचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चकित झाल्या नाहीत, लाजल्या नाहीत. "मग तुला ठाऊकच आहे," त्या म्हणाल्या. "चावायचे ते, आणि गिळायचे मी. सगळं माझ्या पोटात गेलं. भुकेला माणूस समोर बसलेला, आणि त्याच्या तोंडातला घास मी खात होते." त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

मी पुष्कळ बोलले. असं नसतं, तुम्ही त्यांना सुख दिलंत, त्यांचा मान राखलात. मी जे बोलले ते सगळं खरं होतं, आणि त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. नवऱ्याने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. सासूबाई नंतर बरीच वर्षं होत्या, पण भात त्यांनी पुन्हा खाल्ला नाही. पेज करून दिली तर वरचं पाणी पिऊन शितं तळाशी ठेवायच्या. पेला खाली ठेवून मला विचारायच्या, "तू जेवलीस ना?" मी हो म्हणायची.